मार्केट हॅल्डनमधलं उपरणं

ज्या गावाचा इतिहास लिहायचा, त्या गावच्या मातीशी लिहिणाऱ्याचं जन्माचं नातं असावं लागतं. मार्केट हॅल्डन या इंग्लंडमधल्या बाजारगावाचा इतिहास मी बहरीनमध्ये लिहिला, अदलियात, शावरम्याच्या दुकानावरच्या खोलीत, एसीचं पाणी बादलीत ठिबकत असताना. मी इंग्लंडला गेलेलो नाही. पश्चिमेला मी सर्वांत लांब गेलो तो सौदीच्या कॉजवेवरच्या मधल्या बेटापर्यंत, आणि तिथून इंग्लंड दिसत नाही.

आमचं ऑफिस हेच काम करतं. इंग्लंडातल्या एका कंपनीला तिथल्या लहान गावांच्या वेबसाइटी करायचं कंत्राट मिळतं, ती कंपनी मजकुराचं काम आमच्याकडे पाठवते, आणि आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे. प्रत्येक गावाला एक पान, 'इतिहास आणि आकर्षणे'. सात वर्षांत मी बेचाळीस गावं लिहिली. पुण्याला इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं तेव्हा त्याचा असा काही उपयोग होईल असं आमच्या सरांना वाटलं नव्हतं. खरं तर कसलाच होईल असं वाटलं नव्हतं.

गावं बेचाळीस असली तरी पान एकच असतं. आधी कुणी राजा बाजाराची सनद देतो. मग प्लेग येतो. मग आग लागते. मग एक राणी जाता जाता एक रात्र मुक्काम करते. माझ्या बेचाळीसपैकी अकरा गावांत ती झोपून गेली आहे, तिला घरी झोप लागत नसावी. मग रेल्वे येते, रेल्वे बंद होते आणि स्टेशनात चहा-केकचं दुकान निघतं. इथे इतिहास संपतो आणि आकर्षणं सुरू होतात: चर्चचा कललेला मनोरा, चौकातला दगडी क्रॉस, बदकांचं तळं, आणि स्वच्छ सार्वजनिक शौचालयं.

हॅल्डनच्या कौन्सिलनं सहा पानं माहिती पाठवली होती. त्यातली साडेचार पानं पार्किंगबद्दल होती. बाजाराबद्दल एकच ओळ: 'गुरांचा बाजार दर गुरुवारी भरत असे, २००१ साली बंद झाला.' आणि खाली सूचना, की बाजाराच्या दिवसावर तीनशे शब्द हवेत, आणि ते ऊबदार हवेत. ऑगस्ट चालू होता. बाहेर सेहेचाळीस अंश होते. उबेची अडचण नव्हती, तीनशे शब्दांची होती.

मी राहतो रिफाला. तिथून अदलियाला मला रोज सकाळी ऑफिसचे ड्रायव्हर गणपतराव जाधव घेऊन येतात. बहरीनमध्ये सत्तावीस वर्षं झालेला माणूस. साताऱ्याकडचे, धामणोशीचे. त्यांच्या मांडीवर कायम एक पांढरा टॉवेल असतो. गाडी उन्हात उभी केली की तो स्टिअरिंगवर टाकायचा, नाहीतर परत आल्यावर स्टिअरिंगला हात लावता येत नाही.

"काय सर, आज गप?" त्यांनी आरशातून विचारलं.

"एका गावात गुरांचा बाजार भरवायचाय, गणपतराव. तीनशे शब्दांत."

"कुठल्या गावात?"

"इंग्लंडात."

"तिकडंबी भरायचा?" त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली आणि मान पूर्ण मागे वळवली. सात वर्षांत त्यांनी मागे वळून बोलल्याचं मला आठवत नाही. "गोऱ्या लोकांचा? गुरांचा?"

"दर गुरुवारी."

"आमचा सोमवारी," ते म्हणाले, आणि सिग्नल हिरवा झाला तरी काही वेळ गाडी तिथेच राहिली. मागच्या लँडक्रूझरनं हॉर्न दिला. "यल्ला, यल्ला, जातो की," असं त्या लँडक्रूझरला मराठीत सांगून ते निघाले.

मग अदलियापर्यंत ते बोलत राहिले. "सकाळी सातला चिंचंखाली दावणी लागायच्या, सर. खिलार बैल, शिंगं हिंगुळानं रंगवल्याली, गळ्यात घुंगुरमाळा. गिऱ्हाईक आदी तोंड उघडून दात बगणार. दोन दाती हाय, चार दाती हाय, का समदे दात येऊन जुळलाय. मग चार पावलं चालवून बगणार. मग शेपटी. समदं बगून झालं की भाव. आन भाव तोंडानं बोलायचा न्हाई."

"मग?"

"उपरण्याखाली! आमचा म्हातारा दलाल व्हता न्हवं, हिंदुराव दलाल म्हणून. घेणाऱ्याचा हात धरायचा, वरनं उपरणं टाकायचं आन आत बोटं दाबायची. एक धरलं की एक, दोन धरली की दोन. भवती शंभर माणूस हुबं, पर भाव त्या दोघास्नीच ठावं. आमचा म्हातारा आत बोटं मोडंस्तवर भांडायचा आन वरनं पावसापाण्याचं बोलायचा. 'औंदा ज्वारी बरी हाय म्हणं तुमच्याकडं?' समोरच्याच्या डोळ्याला पाणी आल्यालं असायचं."

"आणि पुढे कुणी नाही म्हणाला तर?"

"न्हाईच म्हणत," गणपतराव म्हणाले. "उपरण्याखाली ठरल्याला भाव मोडायचा नसतो. कागुद न्हाई, सही न्हाई, साक्षीदार न्हाई. म्हणून तर मोडायचा नसतो."

मी ऑफिसात जाऊन बसलो आणि अर्ध्या तासात बाजार भरला. चिंचेच्या जागी ओकची झाडं लावली. उन्हाच्या जागी धुकं सोडलं. शिंगांचा रंग काढून टाकला, कारण इंग्लंडात गुरांना रंग लावत असतील असं वाटेना, पण उपरणं काढवेना. त्याचा मी तागाचा रुमाल केला. आणि त्या रुमालाखाली, गुरुवारच्या गारठ्यात, हॅल्डनचा म्हातारा दलाल 'ओल्ड हेन्री' खरेदीदाराची बोटं दाबत उभा राहिला, तोंडानं हवापाण्याचं बोलत. इंग्रज माणूस हवापाण्याचं बोलतोच, त्यामुळे ते इतकं सहज बसलं की मला माझाच संशय येईना. हिंदुरावांचा हेन्री व्हायलाही काही त्रास पडला नाही.

आमची मॅनेजर नाझिश, मूळची कराचीची, प्रत्येक पान वाचून पुढे पाठवते. तिनं ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "वाह, सलील भाई. मेरी तो आँखें भर आईं." मग चष्मा लावून म्हणाली, "तीन सौ बारह शब्द हैं. बारह काट दो."

बारा शब्द धुक्यातले कापले.

पान ऑक्टोबरात प्रसिद्ध झालं. सकाळी ऑफिसखाली गाडी लागल्यावर मी फोनवर ते गणपतरावांना दाखवलं आणि ओळ-ओळ मराठीत सांगितलं. ते टॉवेल मांडीवर घेऊन ऐकत होते.

"हेन्री कोण?"

"तुमचे वडील."

"म्हाताऱ्याला गोरा केलात."

"हो. माफ करा."

"शोभतोय की. उंच व्हताच." मग म्हणाले, "नाव कायबी ऱ्हावंदे सर, उपरणं आमचंच हाय. मला ते लिंक का काय ती द्या."

लिंक कराडला गेली, त्यांची लेक विशाखा बँकेत आहे तिच्याकडे. तिनं ती धामणोशीला आईला वाचून दाखवली. आठवड्यात सगळ्या भावकीला कळलं की हिंदुराव दलालाचं उपरणं इंग्लंडच्या सरकारनं छापलं. पानाची रंगीत प्रिंट निघाली, तिला प्लॅस्टिक चढलं, आणि ती घरात हिंदुरावांच्या फोटोशेजारी टांगली गेली. फोटोला हार होता, प्रिंटला नव्हता; एवढाच काय तो फरक. गणपतरावांनी मला भिंतीचा फोटो दाखवला. सबंध हिवाळाभर रोज दाखवला.

मला एक वेगळाच त्रास सुरू झाला. मी पुण्याचा, पेठेतला. माझ्या लहानपणी बैल दिसायचा तो बेंदराला किंवा कॅलेंडरवर. आणि आता मला हॅल्डनची आठवण यायला लागली. संध्याकाळी रिफाच्या मॉलमध्ये भाजी घेताना, टोमॅटोवर गारेगार हवा सोडणाऱ्या त्या काचेसमोर उभा असताना, मला एकदम गुरुवार आठवायचा. ओलसर गवत, दगडी चौकात वाजणारे खूर, रुमालाखालचे हात. स्मिता, म्हणजे बायको, म्हणायची, "कुठे हरवलास?" सांगणार काय? जिथे कधी गेलो नाही तिथून परत यायला वेळ लागतो.

जानेवारीत कौन्सिलचं पत्र आलं. कौन्सिलचा कारभार बघणाऱ्या मिसेस थ्वेट यांनी ते लिहिलं होतं. स्थानिक इतिहास मंडळाचे सचिव मिस्टर प्रॉक्टर यांना रुमालाच्या प्रथेबद्दल कुठेच नोंद सापडत नाही, आणि त्यामुळे 'आम्ही किंचित गोंधळात पडलो आहोत'. इंग्रज माणूस किंचित गोंधळात पडतो तेव्हा आपण वकील बघून ठेवावा, एवढं बेचाळीस गावांनी मला शिकवलं होतं. गुरुवारी सकाळी अकराला, आमच्या दोनला, व्हिडिओ कॉल. पुरावा दाखवावा, अन्यथा परिच्छेद काढावा.

नाझिश म्हणाली, "इसमें सोचना क्या है? डिलीट करो, खलास."

"गुरुवारपर्यंत थांबू."

"सलील भाई, सच बताओ. ये रुमाल आया कहाँ से?"

मी खिडकीतून खाली बोट दाखवलं. खाली गणपतराव गाडीची काच पुसत होते. नाझिशनं काच पुसणाऱ्या माणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"या अल्ला," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, मॅनेजरच्या आवाजात: "ओरल ट्रेडिशन बोल देना. मौखिक परंपरा. उसका सबूत कोई नहीं माँगता."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मी गणपतरावांना सांगितलं. ते राहतात त्या अरादच्या बाजूला रस्त्याचं काम चालू होतं म्हणून त्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला होता, आणि ते त्याबद्दल बोलत होते. मी मध्येच सांगून टाकलं, की तो मजकूर कदाचित खोडावा लागेल.

"खोडा की," ते म्हणाले.

"गणपतराव..."

"आवो, बाजारच खोडला, त्यात कागदाचं काय. चिंचा तोडल्या, दावणीच्या जागंवर मंगल कार्यालय झालं. कायबी मागं ऱ्हायलं न्हाई. एक दगूड न्हाई." ते एकाच वेगानं गाडी चालवत होते. "खोडा. तुमच्या नोकरीला नगं."

रिफाचा किल्ला मागे पडला. मग पुढे बघतच ते म्हणाले, "मी हिकडं निघालो तवा म्हातारा ष्टँडवर आला व्हता. समदी भावकी हुबी. बोलला न्हाई कायबी. माझा हात धरला, वर उपरणं टाकलं आन आत तीन बोटं दाबली."

मला कळलं नाही.

"तीन वरसं. तीन वरसांनी परत. वरनं मातुर मला म्हणतोय, 'तिकडं पाऊस पडत न्हाई म्हणं?' मीबी तीन दाबली. ठरलं." ब्लिंकर टकटक वाजत होता. "नवव्या वरसाला म्हातारा गेला. इमानाचं तिकीट मिळंस्तवर दहावा आला. सत्तावीस झाली आता. उपरण्याखालचा भाव जाधवाच्या घरात एकट्यानं मोडला, त्यो मी."

अदलिया आलं. त्यांनी गाडी लावली, टॉवेल झटकून स्टिअरिंगवर टाकला आणि तो नीट बसेपर्यंत सारखा करत राहिले.

"सर, गुरुवारी मी वर येऊन बसू का? कोपऱ्यात. बोलणार न्हाई."

"कशाला?"

"काढत्याल तवा जवळ घरचं कुणीतरी असावं," ते म्हणाले.

गुरुवारी दोन वाजता आम्ही लॅपटॉपसमोर बसलो: मी, नाझिश, आणि मागे बादलीशेजारच्या स्टुलावर गणपतराव, इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर टॉवेल. एरवी तो खाली गाडीत स्टिअरिंगवर असायचा, पण त्या दिवशी त्यांनी तो वर आणला होता.

पडद्यावर मिसेस थ्वेट आल्या, गळ्याशी मफलर, मागे हीटर. त्यांच्या शेजारच्या चौकटीत मिस्टर प्रॉक्टर, एक्याऐंशी वर्षांचे. आधी बराच वेळ त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. मग कुणीतरी लॅपटॉप खाली केला आणि टाय लावलेला एक बारीक म्हातारा दिसला. कोपरं टेबलावर रोवून बसला होता, कोर्टात बसतात तसा.

"मी हॅल्डनच्या गुरांच्या बाजारात चौतीस वर्षं लिलावाचा कारकून होतो," त्यांनी सुरुवात केली. "प्रत्येक गुरुवारचा प्रत्येक सौदा माझ्या हातानं लिहिला आहे. आमच्याकडे बोली टोपीला हात लावून देत. भुवई उचलून देत. एक गृहस्थ नाक ओढून देत, आणि सर्दीच्या दिवसांत त्यांनी नको असलेल्या चार गायी घेतल्या. पण रुमालाखाली कुणी कुणाचा हात धरलेला मी पाहिला नाही. हॅल्डनमध्ये कुणी तसं केलं असतं तर आम्ही डॉक्टरला बोलावलं असतं."

नाझिशनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"ही मौखिक परंपरा आहे," मी म्हणालो.

"छान," मिस्टर प्रॉक्टर म्हणाले. "कुणाच्या मुखातली?"

हे बेचाळीस गावांत मला कुणी विचारलं नव्हतं. एसीचं पाणी बादलीत टपटप पडत होतं.

"माय फादर, सर," मागून आवाज आला.

गणपतराव उभे राहिले होते. स्टूल मागे सरकून बादलीला लागलं. पडद्यावर माझ्या खांद्यावरून त्यांचा शर्ट आणि अर्धा टॉवेल दिसत होता.

"आपले वडील हॅल्डनला होते?" मिसेस थ्वेट यांनी विचारलं.

"नो, मॅडम. धामणोशी. मंडे मार्केट."

नाझिशनं डोळे मिटले. मग मी सगळं सांगितलं. ओक म्हणजे चिंच, हेन्री म्हणजे हिंदुराव, रुमाल म्हणजे उपरणं. धुकं तेवढं माझं. मिसेस थ्वेट यांनी काहीतरी लिहून घेतलं. ते 'किंचित' पेक्षा मोठं असावं.

मिस्टर प्रॉक्टर पुढे वाकले. त्यांचं नाक पडद्यावर मोठं झालं.

"आवाज न करता?" ते म्हणाले. "अजिबात? शंभर माणसांत?"

मी गणपतरावांना विचारलं. "शंबर काय, पाश्शे," ते म्हणाले. मी पाचशे सांगितलं.

"आणि लिहायचं नाही?"

"कागुद न्हाई, सही न्हाई."

"मग कारकून काय करतो?"

मी हे भाषांतर करून सांगितलं. गणपतराव विचारात पडले. "सांगा त्यास्नी, कारकून आमच्याकडं चा पितो."

मिस्टर प्रॉक्टर हसले, आणि हसताना पुन्हा त्यांचं फक्त कपाळ राहिलं. "दाखवा," ते म्हणाले. "कसं करतात ते दाखवा."

गणपतरावांनी माझा हात हातात घेतला आणि वरून टॉवेल टाकला. टॉवेलला ऊन आणि साबण दोन्हींचा वास होता. दोन मिनिटं मिस्टर प्रॉक्टर आणि मिसेस थ्वेट यांनी एक पांढरा टॉवेल पाहिला. तो मधूनमधून हलत होता. गुप्त व्यवहाराचं प्रात्यक्षिक यापेक्षा वेगळं दिसू शकत नाही.

आत गणपतरावांची बोटं आधी माझ्या बोटांवरून फिरली, मोजल्यासारखी. मग त्यांनी माझी तीन बोटं धरली आणि दाबली. सोडली नाहीत. वरून ते लॅपटॉपकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "सर, देअर इज रेन?"

"सतत," मिस्टर प्रॉक्टर म्हणाले. "किती ठरलं?"

मी गणपतरावांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"तीन," मी म्हणालो.

"तीन काय? तीन हजार?"

"ते फक्त दोघांनाच कळतं," मी म्हणालो. मिस्टर प्रॉक्टरनी मान हलवली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच एक सौदा लिहून न घेता सोडून दिला.

मग ते उठले, चौकटीतून निघून गेले, आणि बऱ्याच खडखडाटानंतर परत आले ते हातात पितळी घंटा घेऊन. बाजार सुरू करायची घंटा. दर गुरुवारी दहाला तेच ती वाजवत. बाजार मोडला, तिथे सुपरमार्केटची पार्किंगची जागा झाली, तेव्हा ही कुणी मागितली नाही म्हणून त्यांनी घरी नेऊन शेडमध्ये ठेवली. कौन्सिलला माहीत नव्हतं. मिसेस थ्वेट यांनी तेही लिहून घेतलं.

"ऐका," असं म्हणून त्यांनी घंटा दोन्ही हातांनी वाजवली. व्हिडिओ कॉलमध्ये नको ते आवाज गाळायची सोय असते. तिनं घंटा गाळली. म्हातारा जोरजोरात घंटा हलवत होता, टाय उडत होता, आणि आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना आमची बोटं दिसली नव्हती, आम्हाला त्यांची घंटा ऐकू आली नाही. गणपतराव मात्र हात जोडून उभे राहिले, देवळात आरती चालू असताना राहतात तसे, आणि घंटा थांबल्यावर म्हणाले, "लई भारी आवाज."

मी ते भाषांतर करून सांगितलं. काही गोष्टी तपासायच्या नसतात.

गणपतरावांनी मला कोपरानं ढोसलं. "सर, इचारा, पार्किंगला पैशे घेत्यात का."

पहिले दोन तास फुकट, असं कळलं. "आमच्या मंगल कार्यालयालाबी फुकटच," ते म्हणाले, आणि दोन्ही गावांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर झाला.

मिसेस थ्वेट यांनी घसा साफ केला. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्यांच्याकडे नियमावली होती. 'इतिहास' या शीर्षकाखाली खोटं ठेवता येणार नाही. परिच्छेद काढावा लागेल. आजच.

मी गणपतरावांना सांगितलं. त्यांनी टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि मान डोलावली. ते त्यासाठीच वर येऊन बसले होते.

"इतिहासात नको, बरोबर," मिस्टर प्रॉक्टर म्हणाले. घंटा त्यांच्या मांडीवर होती. "आकर्षणांत घाला."

"पण मिस्टर प्रॉक्टर, ते हॅल्डनमध्ये नाही."

"हेदर, त्या पानावर कललेला मनोरा लिहिला आहे. तो मी मोजला आहे. तो सरळ आहे." ते मिसेस थ्वेट यांना शांतपणे म्हणाले. "इतिहास खरा असावा लागतो. आकर्षणांना अशी अट कौन्सिलनं कधी घातल्याचं माझ्या वाचनात नाही."

मिसेस थ्वेट यांनी नियमावली चाळली. अशी अट नव्हती. मात्र त्यांनी आपली एक घातली: नाव खरं असेल, गाव खरं असेल, आणि तीस शब्दांच्या वर जायचं नाही.

त्या दुपारी मी हेन्रीला काढलं. तीनशे शब्द लिहायला अर्धा तास लागला होता. तीस लिहायला संध्याकाळ गेली. नाझिश दोनदा येऊन मोजून गेली. आता हॅल्डनच्या पानावर बदकांचं तळं आणि स्वच्छ सार्वजनिक शौचालयं यांच्या मध्ये एवढं आहे: 'येथून साडेचार हजार मैलांवर, धामणोशीच्या सोमवारच्या बाजारात, हिंदुराव जाधव नावाचे दलाल बैलांचा भाव उपरण्याखाली ठरवीत. तो भाव मोडत नसत. हॅल्डनमध्ये असे काही होत नसे.'

मी खाली जाऊन गाडीत ते वाचून दाखवलं. गणपतरावांनी फोन हातात घेतला. इंग्रजी त्यांना सबंध वाचता येत नाही, पण नावापर्यंत ते बोटानं पोचले आणि तिथे बोट ठेवून थांबले. फोनचा उजेड दोनदा मंदावला, त्यांनी दोनदा बोट हलवून तो परत आणला.

"हिंदुराव," ते म्हणाले. "पुरतं नाव हाय."

"हो."

"आन 'मोडत नसत' असं लिवलंय."

"हो."

"बरं केलं," ते म्हणाले. "त्यांच्याबद्दल हाय ते. माझ्याबद्दल न्हाई." मग फोन परत देऊन त्यांनी गाडी चालू केली. "विशाखाला सांगतो, भिंतीवरनं हेन्री काढ म्हणून. पाव्हणा लई दिस ऱ्हायला."

मार्चमध्ये गणपतरावांनी व्हिसा आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतला. तीन बोटांचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही. सकाळी सिग्नलला गाडी थांबली की ते अजूनही फोन काढतात, एकदा बघतात आणि ठेवतात.

प्रत्येक पान किती जणांनी उघडलं याचा रिपोर्ट दर महिन्याला नाझिशकडे येतो. एप्रिलमध्ये 'मार्केट हॅल्डन: इतिहास आणि आकर्षणे' हे पान एकतीस वेळा उघडलं गेलं. त्यांपैकी अठ्ठावीस वेळा बहरीनमधून, दोनदा कराडहून आणि एकदा हॅल्डनहून. हॅल्डनची भेट चार सेकंदांची होती.